शटर त्यांचं, खांदा माझा

...आणि वर मलाच विचारतात, बाई, तुम्ही शटरखाली उभ्या का होता? आता तुम्हीच सांगा, दुकानात शिरायचं तर शटरखालून नाही तर काय छपरावरून शिरायचं? अस्तराचं कापड घ्यायला गेले होते हो. पडदे शिवते मी, लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घेते, चुण्या घालते, शिवून देते. तर त्या कापडवाल्याच्या दारात पाऊल टाकते न टाकते तोच शटर धाडकन खाली, आणि नेमकं उजव्या खांद्यावर. कात्रीच्या हातावर. डावा होता की शेजारीच रिकामा, पण नाही.

मग काय, हॉस्पिटल, ऑपरेशन, खांद्यात पट्टी आणि स्क्रू. कापडवाला भेटायला आला, हात जोडून म्हणाला, ताई, काळजी करू नका, दुकानाचा विमा आहे, सगळं मिळेल. मिळेल म्हणजे कधी, ते विचारायचं राहिलं, कारण मी गुंगीत. विमा कंपनी म्हणाली दावा लावा. लावला. वकीलबाई गाठल्या, त्या म्हणाल्या निकाल लागला की पैसे. आणि हॉस्पिटल म्हणतं, तुमचा निकाल तुमच्यापाशी, आमचं बिल आत्ता. शटर त्यांचं, खांदा माझा, आणि बिल? तेही माझंच.

त्या बिलाच्या खिडकीत एक मुलगी बसते. मी तिला 'खिडकी' असंच म्हणते, कारण तिचा चेहरा तेवढ्या चौकटीतच पाहिलाय. मी सांगायची, अगं, दावा चालू आहे. ती म्हणायची, हो काकू, पण रोख की कार्ड? बरं, बिल म्हणजे एकदा भरलं आणि संपलं असं नाही. तो व्यायामवाला डॉक्टर मला भिंतीवर बोटांनी चढायला लावतो, मुंगीसारखं, आणि प्रत्येक चढाईचे पैसे वेगळे. स्वतःच्या घरच्या भिंतीवर फुकट चढले असते की!

मी म्हटलं ठीक आहे, दुखलं तरी शिवते आणि भरते. तर वकीलबाई किंचाळायच्या बाकी राहिल्या. मशीनला हात लावायचा नाही, म्हणाल्या, तुम्ही शिवताना दिसलात की कंपनी म्हणणार, बाई ठणठणीत आहे. म्हणजे बघा, शिवलं तर दावा जातो, नाही शिवलं तर बिल थकतं. नणंद म्हणाली, वहिनी, मिळेल ते घे आणि मोकळी हो. मोकळी कशाने होऊ? हात वर जात नाही, केस विंचरायला यांना हाक मारावी लागते. शटर त्यांचं, खांदा माझा, मोकळे मात्र त्यांनी व्हायचं!

आता 'हे' म्हणजे आमचे हे. कचेरीत जन्मभर शिक्के मारले, निवृत्त झाले, आणि साहेबासमोर 'हो' सोडून दुसरा शब्द कधी काढला नाही. पण त्यांनी एके सकाळी मशीनवरचं झाकण काढलं आणि म्हणाले, तू सांग, मी शिवतो. या माणसाने आयुष्यात बटण लावलं नव्हतं. मी खुर्चीत बसून ओरडायची, पाय हळू, कापड ओढू नका, अहो, ती चुणी आहे, सुरकुती नाही. पडदे असे झाले की खिडकीच वाकडी वाटावी. गिऱ्हाइकं भली, तरी घ्यायची. त्यातून थोडं थोडं बिल भरत होतो.

आणि त्यातच विम्याचा साहेब घरी आला. आवाज असा की मधात बुडवून आणलाय. म्हणाला, कोर्टात वर्षं जातात हो, त्यापेक्षा इथे सही करा, पैसे आजच. पैसे किती, तर हॉस्पिटलचं निम्मंही भागणार नाही. आणि एकदा सही केली की पुढे खांदा गळून पडला तरी आपण तोंड उघडायचं नाही. मी नको म्हणणार, तेवढ्यात त्याची नजर पडद्यांच्या ढिगावर गेली. गोड हसला आणि विचारलं, हे कोणी शिवले?

हे म्हणाले, मी.

साहेब आणखी गोड झाला. "शिवून दाखवा बरं."

हे मशीनवर बसले, चष्मा पुसला, जीभ दातांत धरली आणि चालवलं मशीन. शिवण निघाली सापासारखी, आणि शेवटी थांबले तेव्हा स्वतःच्या शर्टाची बाही पडद्याला शिवून बसले होते. हे उठले, पडदा मागोमाग उठला, आणि तसेच, पडदा लोंबत असताना, यांनी तो कागद साहेबाच्या हातात परत दिला. म्हणाले, "सही ती करणार नाही. आधी तिचा हात वर जाऊ दे, मग किंमत बोलू."

लग्नानंतर पहिल्यांदा या माणसाला कुणालातरी 'नाही' म्हणताना ऐकलं मी. साहेब गेला. मी डाव्या हाताने त्यांची बाही उसवत बसले, आणि हसत होते की रडत होते, मला विचारू नका.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंचं पत्र घेऊन दोघं हॉस्पिटलात गेलो. खिडकीला म्हटलं, बाजूला हो गं, तुझ्या मोठ्या साहेबांना भेटायचंय. त्यांना सरळ सांगितलं, मी तुमचं बुडवणार नाही, पण मी बुडाले तर तुमचंही बुडेल. दर महिन्याला जमेल तेवढं देईन, उरलेलं दाव्याच्या पैशातून आधी तुमचं. पत्रात तेच लिहिलं होतं. त्यांनी वाचलं, टेबलावर बोटं वाजवली, आणि मानलं. हो, मानलं! शटर त्यांचं, खांदा माझा, पण निदान मान तरी ताठ राहिली.

निकाल? कुठला निकाल, तारखा पडताहेत नुसत्या. आता हॉस्पिटल विचारतं, काकू, तारीख कधी? औषधवाला विचारतो, तारीख कधी? भिंतीवर चढवणारा विचारतो, नणंद विचारते, खिडकी तर देवाला नवस बोलून बसलीय. माझ्या लग्नाच्या तारखेचीसुद्धा एवढ्या लोकांनी वाट पाहिली नव्हती... आणि ती निदान एकदाच ठरली होती.