उलटं कार्ड

पोरांना वाचता येतं का, हे तपासायच्या सर्व्हेत मी इगतपुरीकडच्या एका गावात घरोघर फिरत होते. प्रत्येक घरी कार्डावरचा तोच उतारा वाचायला द्यायचा. गावातली पोरंही करमणूक म्हणून सकाळपासून माझ्या मागे.

शेवटचं घर त्याच घोळक्यातल्या सुमनचं. तिसरीतली. तिने उतारा घडाघडा म्हटला. भात पाखडणारी तिची आई सूप खाली ठेवून कौतुकाने बघत राहिली. मीही खूश! ‘वाचता येतं’ लिहिणार, तेवढ्यात पाहिलं, तर पोरीच्या हातात कार्ड उलटं.

मी निमूटपणे दुसरा उतारा दिला. सुमनने तो उलटसुलट करून पाहिला.

आई म्हणाली, “वाच ना गं!”

“कसं वाचू आई? हा अजून कुणाच्याच घरी झाला नाय.”