हातात जड लागली म्हणून

— आभाळ आज नुसतं पांढरं आहे बघा, घासून पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखं. ऊन नाही, पाऊस नाही, वाऱ्याचं नाव नाही. दोरीवरचे कपडे सकाळपासून जसे टांगलेत तसेच. अशा हवेत मला दम लागतो, म्हणून म्हटलं, या स्टुलावर टेकू का जरा? टेकतो. तुम्ही तुमचं काम करा, साहेब. वयानं तुम्ही माझ्या मुलासारखे, पण ज्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर तो साहेब, हा आमच्या धंद्यातला नियम. नाही हो, कॉम्प्युटरचा कसला धंदा, मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही — मी वजनकाटे दुरुस्त करायचो. चव्वेचाळीस वर्षं. पारड्याखाली कुणी शिसं चिकटवलं असेल तर नुसतं बोट फिरवून सांगायचो. वाणी लोक मला बघून पांढरे पडायचे. आणि आता हे तुम्ही या डबीतून — हार्ड डिस्क की काय म्हणता तिच्यातून — काढलंत ते काय आहे? नट ना? अर्धा इंची नट. डिंकानं चिकटवलेला. हं. म्हणजे वजनासाठीच.

त्याचं असं झालं — आधी मी मोठ्या दुकानात गेलो होतो. तिथं त्यांनी जी डबी दाखवली ती हातात घेतली तर काडेपेटीसारखी हलकी, आणि किंमत ऐकून मी ती परत खाली ठेवली, हळूच, फुटेल बिटेल म्हणून. म्हटलं, एवढीशी हलकी वस्तू, हिच्यात काय मावणार? मग कोपऱ्यावर तो टेबलवाला होता. अर्धी किंमत, वर एकावर एक फुकट, आणि जुना फोन दिला तर अजून सूट. मी काय करावं? जे जन्मभर केलं तेच केलं. हातावर तोलली. जड! भरीव. म्हटलं, माल आहे हा. डोळ्यांनी फसेन, कानांनी फसेन, हातानं कधी फसलो नव्हतो.

ठेवायचं काय होतं? भावाचं बोलणं. माझा धाकटा भाऊ — त्याला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. शाळेत मलाच कुणी घातलं नाही, त्याला कोण घालतंय. तर त्याच्या खुणा म्हणजे घरच्या, त्याच्या त्याच. बाहेरच्या मुक्याबहिऱ्यांनासुद्धा कळत नाहीत. एकदा एक शिक्षिका आल्या होत्या, दोघं तासभर एकमेकांकडे बघून मान डोलवत होते, शेवटी चहा पिऊन गेल्या. पण आमच्या हिला सगळ्या यायच्या. लग्न होऊन आली तेव्हा तो बारा वर्षांचा, महिन्याभरात दोघांचं गुळपीठ. तो काहीतरी हातवारे करायचा, ही पोट धरून हसायची, मी विचारायचो काय म्हणतोय गं, तर म्हणायची, "तुमच्याबद्दल आहे, नाही सांगायचं."

मला? मला येतात की. पाणी, जेवण, झोप, बाहेर जायचंय — येतात. खरं सांगू का, तेवढ्याच येतात. जरा अवघड आलं की मी हाक मारायचो, अगं, बघ हा काय म्हणतोय. घरात दुभाषी असल्यावर कोण शिकतंय, सांगा ना. चूकच झाली. पण तेव्हा ती चूक वाटत नव्हती, संसार वाटत होता.

मग ही आजारी पडली तेव्हा तिनं मनावर घेतलं. फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा करायची, याला समोर बसवायची — "भाऊजी, परत करा, हळू" — एक खूण, एक व्हिडिओ. तो करून दाखवायचा, मग ही तोंडानं सांगायची, याचा अर्थ अमुक, हे असं केलं तर तुम्ही तमुक करा. तुम्ही म्हणजे जो कोणी असेल तो. दोनशे चौदा झाले. शेजारणीनं एकेकाला नाव लिहून दिलं. त्यानंतर ही पंधरा दिवस होती.

कशाला म्हणजे? सोमवारी त्याला संस्थेत सोडायचंय. थोडे दिवस. माझं हृदयाचं ऑपरेशन आहे, तेवढ्यापुरतं. तिथल्या बाई म्हणाल्या, "व्हिडिओ आणा काका, आम्ही सगळ्याजणी बघून शिकू." चांगल्या आहेत बाई. म्हणून दोन डब्या घेतल्या, एक त्यांना, एक घरी — घरी कुणासाठी, असं ना? बरोबर विचारलंत. तो तिथं, मग घरी कोण बघणार. थोडे दिवस नाही, साहेब. कायमचं आहे. सही करून आलोय. त्याचे गुडघे गेलेत, ऑपरेशन झालं तरी त्याला उठवणं-बसवणं माझ्याच्यानं होणार नाही, अंगानं तो माझ्या दीडपट आहे. सही करताना तो शेजारी बसला होता. मला रेघ नीट दिसावी म्हणून माझा चष्मा पुसून देत होता.

टेबलवाल्यानं माझ्यासमोर दोन्ही डब्यांत सगळं भरलं. मी बोट ठेवून नावं मोजली — दोनशे चौदा, याही डबीत, त्याही डबीत. पहिलं लावून बघितलं, हिचा आवाज आला, "हे पाणी." मग मी फोन त्याला देऊन टाकला. सूट होती ना. हसू नका — नाही, तुम्ही हसत नाही, मला माहीत आहे. घरी येऊन शेजारणीच्या कॉम्प्युटरला लावली तर पहिली एकतीस चालतात. भूक, थंडी, दाढी करायचीय, सगळी चालतात. पुढं नुसती नावं. ती एकेक वाचत गेली. "पोटात नाही, मनात दुखतंय" — काळं. "काल स्वप्न पडलं" — काळं. "राग आलाय, पण तुमचा नाही" — काळं. म्हटलं बाई, पुरे, वाचू नका आता. टेबलवाल्याकडे धावलो तर तिथं मोजेवाला बसलाय. म्हणाला, "काका, तीन जोड घ्या, सूट आहे."

तर तुमचं म्हणणं, ते हरवलेलं नाही, आत आलेलंच नाही? नुसती नावं लिहून घेतली आणि माल घेतलाच नाही. हं. हरवलेलं शोधता येतं, न आलेलं कुठून शोधणार. खरं आहे. तुम्ही तरी काय करणार.

दुसरी? नको, ती उघडू नका. हिच्यातला नट परत आत टाका आणि द्या दोन्ही इकडं. दोन्ही हातांत अशा धरल्या की... सारख्या आहेत. केसाचा फरक नाही. एवढं कळतं मला अजून.

एकच विचारू? परवा मी पलंगाखालून त्याची बॅग काढली. तेव्हापासून तो एकच खूण करतोय. अशी, बघा — दोन बोटं इथं, गळ्याच्या हाडावर, मग तळहात असा पालथा, खाली. आणि माझ्याकडे बघत राहतो. मी पाणी दिलं. जेवायला दिलं. स्वेटर घातला, तर त्यानं तो काढला, नीट घडी केली, बॅगेवर ठेवला, आणि परत दोन बोटं. त्या दोनशे चौदांत ती आहे कुठंतरी, तिचा अर्थ हिनं तोंडानं सांगितलाय, पण कुठल्या नावाखाली ते मला कसं कळावं? तुम्हाला काय वाटतं, काय असेल? नाही ना. बसमधल्या माणसालाही दाखवली, तो उठून पुढं जाऊन बसला.

निघतो. पैसे? अहो, तुमचा वेळ गेला, काहीतरी घ्या. बरं, राहू दे मग. माझ्या मागं लोक उभे आहेत, त्यांचं बघा. पायरी दिसते मला, धरू नका. आज निघताना शेजारणीनं जिन्यात गाठलं होतं — मी असा दुकानं हिंडतो तेव्हा तीच त्याच्यापाशी बसते. तिला सांगून ठेवलं होतं, मी नसताना तो ती खूण कधी करतो, काय बघून करतो, लक्ष ठेवा, काहीतरी धागा लागेल. तर ती म्हणाली, "काका, तुम्ही घरात नसता ना, तेव्हा ते ती खूण एकदाही करत नाहीत. हात मांडीवर ठेवून नुसते बसतात."