धुराखाली

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारी चित्रकार आणि तिची वहिनी नंबराची वाट बघत होत्या.

“वन्सं, सभागृहातलं तुमचं लढाईचं चित्र काल नातीला दाखवलं. त्यात आजोबा कुठे आहेत, विचारत होती.”

“घोड्याच्या पायाशी पडलेला सैनिक. दादालाच समोर झोपवून काढला होता.”

“तिथे नुसता धूर आहे.”

“मंत्री म्हणाले, विजयाच्या चित्रात आपली माणसं मेलेली नकोत. मी ऐकेना, तेव्हा दुसऱ्याकडून धूर रंगवून घेतला.”

“आणि खाली सही?”

“माझीच.”

“ह्यांचा घरात एक फोटोसुद्धा नाही हो. तो धूर पुसता नाही येत?”

“चेहराही जाईल त्याच्याबरोबर.”

“नातीला तो धूरच सगळ्यात आवडला. म्हणाली, आत्याआजीनं धूर काय खरा काढलाय!”