उघड्या टपाची गाडी

आमच्या कळंबच्या सलीमनं पुण्याहून जुनी, टप उघडणारी, दोनच सीटांची भारीतली गाडी आणली होती बघा. पहिल्या फेरीला त्यानं अम्मीला शेजारी बसवलं आणि टप उघडला. तर भर बाजारात अम्मीनं छत्री काढून त्याच्या डोक्यावर धरली. अडत दुकानांतली सगळी माणसं हसायला लागली.

"अम्मी, मिटव की ती. टप उघडतो म्हणूनच घेतली गाडी."

"घेतली तर घेतली, बेटा. ऊन लागतंय तुला." स्वतः मात्र उन्हातच.

औंदा अम्मी गेली. परवा मला तुळजापूरला सोडताना दिवस मावळला, गार वारं सुटलं, तरी टप बंदच. म्या इचारलं, "बिघडला का रं?"

"न्हाय," सलीम म्हणला. "ऊन लागतंय."