मॅडम, हरणं आणि माझा हरभरा

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय सुंदरराव काका, भर उन्हात तालुक्याहून आलेले आपले केंद्रप्रमुख साहेब, मुख्याध्यापक हनुमान सर, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या सत्कारमूर्ती अनिसा मॅडम, त्यांचे यजमान मुस्तकीमभाई, समोर बसलेल्या माता-भगिनींनो, आत जागा असूनही मंडपाबाहेरच उभ्या असलेल्या गावकरी मंडळींनो आणि बालमित्रांनो.

मॅडमच्या शिकवण्याबद्दल हनुमान सर बोलले. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष, तेव्हा मीही तेच बोलावं, हे रीतीला धरून झालं असतं. पण शाळेच्या मागचं रान माझं आहे, आणि त्या रानात मॅडमनी मला जो वैताग दिला, तो आज नाही बोललो तर कधी बोलायचा? काकांची परवानगी आहे असं धरून चालतो.

हरणांचं कौतुक शहरातल्या माणसाला. आपल्याकडं हरभरा बोटभर वर आला की कळप हजर. शेंडे खाणार आणि वर त्यातच बसून रवंथ करणार. म्हणून मी उजाडताच डबा वाजवत रानात जायचो. मॅडम इथं बदलून आल्या त्या हिवाळ्यात असाच गेलो, तर बांधावर पोत्याखाली काहीतरी हललं. मला वाटलं, रानडुक्कर. तर पोत्यातून आवाज आला, "बद्रीभाऊ, जरा थांबा. काळा वळतोय."

काळा म्हणजे कळपातला काळवीट. तो सावकाश वळला, मॅडमनी फोटो काढला, आणि तोवर बाकीच्यांनी माझी एक अख्खी ओळ साफ केली.

मग हे रोजचंच झालं. शाळा भरायच्या आधी मॅडम बांधावर, हरणं हरभऱ्यात आणि मी डबा हातात घेऊन मुकाट उभा. घरी येऊन तणतणायचो. आमच्या केसरबाईंनी निदान माझी बाजू घ्यावी की नाही? त्या मॅडमसाठी चहा घेऊन बांधावर जायच्या. वर मलाच म्हणायच्या, "बाई थंडीत बसलीय, तुमी कावून वरडता?"

एका वर्षी नुकसान फारच झालं. पंचनाम्याला साहेब येणार होते, पुरावा हवा होता. मी म्हटलं, चला, मॅडमच्या फोटोंचा एकदा तरी उपयोग होईल. मॅडमनी मनापासून निवडून फोटो दिले. साहेबांना ते फार आवडले. एक तर त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर मागून घेतला. मग म्हणाले, "पण यात पीक कुठंय?" हरणाची पापणी न् पापणी दिसत होती, आणि माझा हरभरा मागं नुसता हिरवा धूर. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, मागचं धूसर करावंच लागतं, त्याशिवाय हरण उठून दिसत नाही. आता यावर माणसानं काय बोलावं?

असो. मागच्या हिवाळ्यात मॅडमचा एक फोटो पेपरात छापून आला, खाली आपल्या वस्तीच्या नावासकट. गावात पेढे वाटले, मीही खाल्ले. पुढच्याच रविवारी दोन जीप थेट माझ्या रानात शिरल्या. हातभर लांबीचे कॅमेरे घेऊन माणसं उतरली. कळप कडेला चरत होता. एक हरिणी मात्र तुरीजवळून हलत नव्हती. कारण केसरबाईंना ठाऊक होतं. आदल्या दिवशी तुरीत त्यांना नुकतं जन्मलेलं पाडस दिसलं होतं, त्यांनी ते मॅडमना सांगितलं होतं, आणि तिकडं फिरकायचं नाही असा मला दम मिळालेला होता.

त्यांच्यातला एक जण माझ्या हातातला डबा बघून म्हणाला, "काका, ही नुसती चरतायत. जरा आमच्याकडं हुसका ना. उड्या मारताना पाहिजेत."

मंडळी, जे काम मी आजवर रोज फुकट केलं, तेच मला कुणीतरी विनंती करून सांगत होतं. आणि मी काय केलं? डबा खाली ठेवला आणि म्हणालो, "न्हाई हुसकणार. माझ्या रानात चरतायत ती." हे माझ्या तोंडून कसं निघालं, मला अजून कळलेलं नाही.

मग त्यानं जीपच तुरीकडं वळवली. तेवढ्यात घरातून पळत आलेल्या मॅडम आडव्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तिथं पाडस आहे. ते हलणार नाही, आणि चाकाखाली आलं तरी तुम्हाला कळणार नाही." तो हसला. म्हणाला, "तुम्हीच ना त्या फोटोवाल्या मॅडम? तुमचाच फोटो बघून तर आलोय."

मॅडम सरळ जीपसमोर खाली बसल्या. मग मीही बसलो, माझ्याच हरभऱ्यात. केसरबाई आल्या, त्याही बसल्या. ते लोक ओरडले, कुणाकुणाला फोन लावले, पण आम्ही उठलो नाही. शेवटी ते निघून गेले. ऊन उतरल्यावर ती हरिणी तुरीत शिरली आणि पाडस तिच्या पोटाखाली उभं राहिलं. मॅडम रडत होत्या. कॅमेरा घरीच होता.

त्यानंतर मॅडम बांधावर यायच्या आणि नुसत्या बसायच्या. मला त्याचाही वैताग आला. एक दिवस म्हणालो, "फोटो तरी काढा. नुसतं बसून काय करता?" त्या म्हणाल्या, "काढला की दाखवावासा वाटतो, बद्रीभाऊ." मी म्हणालो, "मग दाखवा. गाव सांगू नका." तेव्हापासून मॅडमच्या फोटोखाली फक्त 'महाराष्ट्र' असं असतं. शोधा म्हणावं आता.

मॅडमची बदली सिरसाळ्याच्या पुढं झाली आहे. त्या शाळेला लागून माझ्या मावसभावाचं, नाथाचं, रान आहे. काल त्याला फोन केला. म्हणालो, नव्या मॅडम येतायत, बांधावर बसतील, बसू दे. तो म्हणाला, कशाला? मी विचारलं, "तुझ्याकडं हरणं हाईत का?"

तो म्हणाला, "लई हाईत बे. वैताग आणलाय नुसता."

मॅडम, हे ऐकून मला किती बरं वाटलं, ते मी त्याला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो.

काका, तुम्ही मध्येच चिठ्ठी न पाठवता मला बोलू दिलंत, आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, एखादा शब्द जास्त झाला असेल, तर रागावू नका, क्षमा करा. नमस्कार.