धुऊन काढलेला गंज

गॅरेजच्या बाकावर बसड्रायव्हर पेपर वाचत होता. शेजारचे बापलेक मात्र त्याला वाचू देईनात.

"बाबा, रेडिएटरमध्ये नुसता गंज होता. औषध घालून धुऊन काढला, एवढंच."

"आणि आता ट्रक जागोजागी गळतोय! अरे शहाण्या, त्या गंजानेच भोकं बुजली होती. मला विचारलं असतंस तर जीभ झिजली असती?"

"तुम्ही झोपला होतात."

"झोपलो होतो, मेलो नव्हतो!"

"बरं, चुकलं माझं. नवा रेडिएटर बसवू. चला घरी. तुमच्या खोलीतलाही सगळा पसारा काढून टाकलाय आज."

उठलेला म्हातारा पुन्हा खाली बसला. बसड्रायव्हरने पेपर मिटला.

"तुझ्या आईचं काय काय टाकलंस?"