बर्फाचा पासवर्ड

उत्तर-दक्षिण ध्रुवांवरच्या मोहिमांचं वेड असलेल्यांच्या एका मंडळाचा मी सभासद आहे, यावर केळव्यात कुणाचा विश्वास बसत नाही. शेजारच्या दामूकाकांची मासेमारीची बोट आहे. माझ्या लॅपटॉपवर रोज बर्फच बघून त्यांना वाटलं, मी गुपचूप बर्फाचा कारखाना काढतोय.

"मास्तर, ही वेबसाइट उघडायला पासवर्ड कशाला लागतो?"

"काका, फोटो फक्त सभासदांसाठी आहेत."

"म्हंजे लपवण्यासारकं काय तरी हाय."

शेवटी त्यांना शेजारी बसवून बर्फात अडकलेल्या जहाजाचा जुना फोटो दाखवला. काकांनी चष्मा लावून त्याचा कोपरान् कोपरा तपासला.

"एवडा बर्फ, एवडी मोटी बोट, आन मासा एकबी नाय?" ते उठले. "मला नका शिकवू मास्तर. मासे कुटं उतरवले, तेवडं सांगा."